शेतकऱ्याने रिटायर कधी व्हायचे?



मागच्या तालुका बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले, बियाण्यावर झाले. सभा उठता उठता मागे बसलेला एक म्हातारा उभा राहिला. सत्तरीच्या आतबाहेरचा, डोक्याला रुमाल, छातीवर रंग उडालेला जुना बिल्ला. म्हणाला, "भाऊ, भावाचं समजलं. चाळीस वर्सं तेच आयकून राह्यलो. मले एवढंच सांगा, मी वखर सोडू कवा?"

लोक हसले. तो हसला नाही. मी काहीतरी बोलून त्याला खाली बसवले, पण ते उत्तर नव्हते, वेळ मारून नेणे होते. घरी येताना तो प्रश्न बंडीच्या मागे कुत्रे लागावे तसा माझ्या मागे लागला. आपल्या चळवळीने कर्जाचे अर्थशास्त्र मांडले, लुटीचे मांडले, निर्यातबंदीचे मांडले. शेतकऱ्याच्या म्हातारपणाचे अर्थशास्त्र मात्र आपण कधी नीट मांडले नाही. तरुणपणी वाटायचे, भाव मिळाला की सगळेच सुटेल. भाव मिळाला नाही, आणि आपण म्हातारे झालो.

त्या म्हाताऱ्याच्याच वर्गातला, त्याच्याच बाकावर बसणारा एक जण मास्तर झाला. त्याला वखर कधी सोडायचा हे विचारावे लागले नाही. ५८ वर्षे पूर्ण झाली त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला शाळेने हार घातला आणि पुढल्या महिन्यापासून पेन्शन सुरू. महागाई वाढली की तीही वाढते. मला त्या मास्तरचा हेवा नाही, त्याने ती मिळवली आहे. नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली तेव्हा तेही रस्त्यावर आले, आणि केंद्राला १ एप्रिल २०२५ पासून त्याच्या नोकरांसाठी नवी एकीकृत योजना आणावी लागली. २५ वर्षे नोकरी केलेल्याला शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, आणि दहा वर्षे जरी केली तरी महिना १०,००० च्या खाली नाही. कारखान्यातल्या किंवा जिनिंगमधल्या फंडवाल्या कामगारालाही निवडीला थोडी जागा आहे. पेन्शन ५८ ला घ्यायची, की पन्नाशीनंतर कधीतरी थोडी कमी करून आधी घ्यायची, की ६० पर्यंत थांबून थोडी वाढवून घ्यायची, हे तो ठरवू शकतो. ती रक्कम फार नाही. २०१४ पासून कमीत कमी १,००० ठरली आहे आणि तिथेच अडकून पडली आहे. पण 'कधी' हा प्रश्न तरी त्याच्या हातात आहे.

शेतकऱ्याच्या बाबतीत 'कधी'चे उत्तर गुडघे देतात. नाही तर डोळ्यातला मोतीबिंदू देतो.

आता सरकार काय म्हणते ते पाहू. शेतकऱ्यासाठी म्हणून, शेतकऱ्याचे नाव घेऊन निघालेली पेन्शन एकच आहे. १२ सप्टेंबर २०१९ ला सुरू झालेली प्रधानमंत्री किसान मानधन योजना. तिच्यात वय १८ ते ४० च्या शेतकऱ्याला नाव घालता येते. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरते, आणि ६० वर्षे पूर्ण झाली की महिना ३,००० मिळणार. नवरा गेला तर बायकोला निम्मे, १,५००. बायकोला स्वतंत्र खातेही काढता येते, मग दोघांना ३,००० आणि ३,०००.

हिशोब करा. २०१९ ला ज्याचे वय ४० होते तो पहिला. तो ६० चा होणार २०३९ मध्ये. म्हणजे या योजनेतली पहिली पेन्शन २०३९ च्या आधी कोणालाच मिळू शकत नाही. आणि २०१९ मध्ये जो ४१ चा होता, त्याला कधीच नाही. बैठकीत उभा राहिलेला तो म्हातारा योजना निघाली तेव्हाच साठीच्या पुढे होता. शेतकऱ्याची पेन्शन निघाली ती जे म्हातारे झाले त्यांना सोडून!

दुसरी गोष्ट, ३,००० हा आकडा कायमचा आहे. तो महागाईबरोबर वाढत नाही. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनंतरच्या ३,००० ची किंमत आजच्या सव्वानऊशेच्या जवळपास. आणि आज अठरा वर्षांचे जे पोरगे ५५ रुपये भरायला लागेल, त्याला बेचाळीस वर्षांनी मिळणाऱ्या ३,००० ची किंमत आजच्या २६० रुपयांएवढी. त्यात त्याचा दाढीचा आणि चहाचा खर्च निघेल.

तरीही मी एक सांगतो, आणि हे बैठकीतल्या काही पाईकांना आवडणार नाही. ज्यांचे वय चाळिशीच्या आत आहे आणि जमीन बसते, त्यांनी नाव घालावे. सौदा वाईट नाही. चाळिशीतला माणूस महिन्याला २०० प्रमाणे वीस वर्षांत पदरचे ४८,००० भरतो आणि पुढे वर्षाला ३६,००० घेतो. सोळा महिन्यांत त्याचे पैसे वसूल. बुडत्या घरातून मिळेल ते लाकूड बाहेर काढावे, घर का बुडाले याचे भांडण नंतर करता येते. हप्ता हातातून सुटत असेल तर पीएम किसानच्या पैशातून तो परस्पर कापून घेण्याची सोय आहे.

कोरडवाहूचा एकर आणि ओलिताचा एकर

पण 'जमीन बसते' म्हणालो तिथे आपले लोक अडतात. मानधन योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला आहे. दोन हेक्टर म्हणजे पाच एकराला थोडे कमी. पाणी कुठले, विहीर कुठली, हे कोणी विचारत नाही. बारमाही पाण्याचा चार एकर ऊस असलेला बसतो. सहा एकर मुरमाड रानात पऱ्हाटी आणि ज्वारी पेरणारा, ज्याचे सगळे एका मृगाच्या पावसावर, तो मोठा शेतकरी ठरतो आणि बाहेर पडतो.

सरकारला हा फरक कळत नाही असे समजू नका. जमीन घ्यायची होती तेव्हा त्याला तो बरोबर कळला होता. १९७५ पासूनच्या कमाल जमीन धारणेत बारमाही ओलिताची मर्यादा १८ एकर आणि कोरडवाहूची ५४ एकर आहे. म्हणजे सरकारच्याच कायद्यात एक एकर पाण्याची जमीन बरोबर तीन एकर कोरडी. घेताना तीनास एक मोजतात आणि देताना एकास एक. तेच माप इथे लावले तर कोरडवाहूची मर्यादा सहा हेक्टर व्हायला पाहिजे. आपण नवे काहीच मागत नाही, त्यांचेच माप त्यांना परत दाखवतो.

२१,००० चा दाखला

बरे, जे आजच म्हातारे आहेत त्यांना काय? त्यांना श्रावणबाळ. वय ६५ पूर्ण पाहिजे, आणि कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत. रक्कम २०१९ मध्ये १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत, त्यांच्या १,५०० मध्ये केंद्राचा वाटा असतो. तो वाटा किती? ८० वर्षांखालच्या माणसामागे २०० रुपये. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने ही वृद्धांची मदत सुरू केली तेव्हा ७५ होते. २००६-०७ ला २०० झाले. त्यानंतर कापसाचे बियाणे, डिझेल, युरिया, डॉक्टरची फी आणि आमदारांचा पगार, सगळे वाढले. ते २०० तसेच राहिले.

आता या २१,००० चा हिशोब पाहा. पीएम किसानचे वर्षाला ६,०००, राज्याच्या नमो सन्मानचे ६,०००, झाले १२,०००. उरले ९,०००. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे सव्वा क्विंटल कापूस विकला की सरकारच्या लेखी तुम्ही गरीब राहिला नाहीत. त्या सव्वा क्विंटलाला वेचाई किती दिली, फवारणीला किती गेले, बोंडअळीने किती खाल्ले, हे दाखल्यावर येत नाही. आणि शेती सोडून रोजगार हमीवर गेलात तरी तेच. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. शंभर दिवस काम केले तर २९,७००. सरकारने स्वतः हमी दिलेले काम पुरते केले, तरी माणूस सरकारच्याच पेन्शनला नालायक होतो!

मग होते काय? सगळे खोटे दाखले काढतात. जन्मभर ज्याने कोणाच्या धुऱ्याची काडी उचलली नाही, त्याला पासष्टीत खोटे बोलायला लावायचे, त्या खोट्यासाठी चार चकरा मारायला लावायच्या, आणि मग कोणीतरी 'पुढारी' येऊन सांगणार, 'मी तुझं काम करून दिलं.' एका कचेरीत मी एका म्हाताऱ्याला पाहिले. उत्पन्न किती, असे विचारल्यावर तो खरे सांगायला लागला. एवढी ज्वारी, एवढा कडबा, तूर निघाली नाही. मागचा माणूस त्याच्या कानात म्हणाला, "काका, खरं काऊन सांगता?"

आणखी एक विचित्र प्रकार. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली. २१ ते ६५ वर्षांच्या बाईला १,५००, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट अडीच लाखांच्या आत. चांगले झाले, घरच्या बाईच्या हातात पैसा आला. पण तीच बाई ६५ ओलांडली की लाडक्या बहिणीतून बाहेर पडते आणि श्रावणबाळच्या दारात उभी राहते. तिथे अट अडीच लाखांची नाही, २१,००० ची. काल सव्वा लाख उत्पन्नाला ती गरीब होती. आज कमरेत वाकली, डोळ्याने दिसेना, आणि श्रीमंत झाली.

दुसरी राज्ये काय करतात ते बघा. हरियाणात चौधरी देवीलाल १९८७ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांनी म्हाताऱ्यांना महिना १०० रुपये सुरू केले. ती शेतकऱ्याच्या नेत्याने काढलेली पेन्शन. २०२४ च्या जानेवारीत ती ३,००० झाली. आंध्रात जुलै २०२४ पासून ४,००० आहेत. महाराष्ट्र स्वतःला पुढारलेले म्हणवतो, १,५०० देतो, आणि तेही खोट्या दाखल्यावर.

सातबाऱ्यावरून नाव काढणे म्हणजे रिटायर होणे

इथपर्यंत सरकारचे झाले. आता घरातले बोलू, कारण त्या म्हाताऱ्याचा प्रश्न खरा तिथला होता. नोकर रिटायर होतो तेव्हा खुर्ची सोडतो, शेतकरी रिटायर होतो तेव्हा सातबारा सोडतो. खुर्ची सोडल्यावर पेन्शन सुरू होते. सातबारा सोडल्यावर होते ते बंद होते.

हे मी उगाच म्हणत नाही. पीएम किसानच्या २०१९ च्या नियमांत १ फेब्रुवारी २०१९ हा दिवस धरला. त्या दिवशी ज्याच्या नावावर जमीन, तो पात्र. त्यानंतर नाव बदलले तर नव्या मालकाला लाभ नाही. अपवाद एकच, जुना मालक मेला आणि वारसाने नाव लागले तर. म्हणजे बाप जिवंतपणी शहाणपणाने मुलाच्या नावे जमीन करील तर बापाचाही हप्ता गेला आणि मुलालाही मिळत नाही. बाप मेला तर मिळतो. कोणत्या डोक्यातून हे निघाले ते माहीत नाही, पण गावात त्याचा अर्थ लोकांनी बरोबर काढला: मरेपर्यंत नाव सोडू नका.

सरकारला पक्के माहीत आहे की शेतकरी मरेपर्यंत शेतात असतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची जी शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यात वयाची मर्यादा ७५ ठेवली आहे. साप चावून, विजेचा झटका बसून, विहिरीत पडून शेतकरी चौऱ्याहत्तराव्या वर्षीही मरू शकतो, हे तिथे मान्य आहे. मेला तर दोन लाख. थकला तर काही नाही.

दुसऱ्या देशांत हा पेच कसा सोडवला? जर्मनीत १९५७ मध्ये शेतकऱ्यांच्या म्हातारपणाचा कायदा झाला. पेन्शन पाहिजे तर शेत पुढच्या पिढीला सोपवायचे, अशी अट होती. म्हातारा सुटायचा, जाणत्या वयात पोरगा मालक व्हायचा. ही अट पुढे लोकांना जाचक झाली आणि २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती होती तशी चालू दिली नाही. पण साठ वर्षांत एक पिढी तरी शेत सोडून सुखाने बसली. तिकडे शेत सोडायला पैसे मिळत होते. इकडे शेत सोडले तर होते ते १२,००० जातात.

माझ्या वडिलांनी ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत सातबारा सोडला नाही. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. तीस वर्षे पेरणी मी केली, डवरा मी धरला, पण पीककर्जाला अंगठा त्यांचा. बँकेच्या दारात मी पन्नाशीतही 'अमक्याचा मुलगा' होतो. विहीर पाडायची होती तेव्हा त्यांनी नाही म्हटले, ठिबक करायचे होते तेव्हा नाही म्हटले. मी त्यांच्यावर फार चिडलो. एकदा दिवाळीत चार माणसांत बोलू नये ते बोललो. आता मी चौसष्ट वर्षांचा आहे, पोरगा अडतीसचा, आणि नाव काढायचा कागद तीन वर्षांपासून माझ्या पेटीत पडून आहे. वडील का सोडत नव्हते ते मला आता कळते. त्यांच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. सातबारा हीच त्यांची पेन्शन होती. नाव होते तोवर सून ताट वाढून आणत होती, असे त्यांना वाटायचे. सून तशीही आणत होती. पण तशी खात्री कोण देणार होते?

दुसरी बाजूही पाहिली आहे. जवळच्या गावातल्या एकाने एकसष्टाव्या वर्षी पाचही एकर दोन पोरांना वाटून दिले. गावात त्याचे कौतुक झाले, मीही केले. दोन वर्षांनी म्हातारी गेली. आता तो महिना इकडे, महिना तिकडे जेवतो. ३१ चा महिना आला की जास्तीच्या दिवसावरून सुनांची कुरकुर होते. पोरे वाईट नाहीत हो. अडीच-अडीच एकर कोरडवाहूत दोन लेकरे शिकवायची, कर्ज फेडायचे आणि बापाचे औषधही आणायचे, हे बसत नाही. दोन पिढ्यांचे पोट एका कोरड्या शेतातून भरत नाही, ही गोष्ट त्या सुनांच्या तोंडून बाहेर पडते इतकेच. कीर्तनकार त्यावर मुलांना दोष देतात. मी भावाला देतो.

म्हणून त्या म्हाताऱ्याला तेव्हा द्यायला पाहिजे होते ते उत्तर आता देतो. कारभार साठीला सोडा, किंवा पोरगा पस्तिशीचा झाला की सोडा, जे आधी येईल ते. काय पेरायचे, कोणाला विकायचे, कर्ज किती काढायचे हे त्याला ठरवू द्या. चुकला तर चुकू द्या, आपणही चुकलो होतो. पन्नाशीत पहिल्यांदा मालक झालेला माणूस नवे काही करत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. जमिनीचे नाव मात्र सगळे एकदम सोडू नका. एक तुकडा, पोटापुरता, स्वतःच्या आणि बायकोच्या नावाने राहू द्या. बाकीची जमीन द्यायची असेल तर कागदात अट लिहूनच द्या.

ही अट फार महत्त्वाची आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा आहे. त्याच्या कलम २३ मध्ये असे आहे की ६० वर्षांवरच्या माणसाने, मला सांभाळावे या अटीवर जमीन दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते देणे रद्द करून घेता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात करायचा. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले की तशी अट होती हे दाखवावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात आईच्या बाजूने हा कायदा उदारपणे वाचला. तरी आपण न्यायालयाच्या उदारपणावर कशाला बसायचे? बक्षीसपत्र करतानाच दोन ओळी लिहा: अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहायला घर देण्याच्या अटीवर ही जमीन देत आहे. लिहिणारा म्हणेल, "घरच्या घरात कशाला?" त्याला म्हणा, घरच्या घरात आहे म्हणूनच.

आणि मायबहिणींचे. बाप्या माणूस आधी जातो, बाई मागे राहते. तिचे नाव वारसाने लागते, पण तेराव्याचे मांडव उतरायच्या आत कोणीतरी हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येतो. "बाई, तुला काय करायचं, पोरं आहेतच." बाई सही करते. त्या दिवशी ती रिटायर होते, आणि कोणी हारही घालत नाही. १९८६ ला चांदवडला लाखो बाया जमल्या, पुढे लक्ष्मीमुक्तीत कितीतरी शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. तेव्हा लोक त्याला प्रतीक म्हणाले. त्या वेळी ज्यांनी तो तुकडा केला त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या आज काय म्हणतात ते जाऊन विचारा. माझ्या माहितीतल्या दोघी आहेत. दोघींचा तुकडा दीड एकराच्या आत आहे आणि दोघींचे ताट वेळेवर येते.

भीक की थकबाकी?

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाचे बोलतो. परवा एक तरुण पाईक मला म्हणाला, "काका, आपण भीक नको, घामाचे दाम हवे म्हणणारे. तुम्ही पेन्शन मागायला लागलात तर सरकारच्या वाटीत हात घातल्यासारखेच झाले." पोरगा हुशार आहे, आणि त्याची भीती खरी आहे. महिन्याला १,५०० खात्यात टाकले की भावाची बोंब बंद होते, हे सरकारला कळून चुकले आहे. पीएम किसान आले तेव्हाच मला ते दिसले होते. दिवसाला साडेसोळा रुपये द्यायचे आणि निर्यातबंदी एका रात्रीत लावायची.

पण त्याला मी विचारले, ज्याने १९८० पासून २०२० पर्यंत कापूस पिकवला, त्याला तू आता भाव देणार कसा? त्याचा कापूस विकून झाला. १९८६ ते १९८८ या वर्षांचा हिशोब भारत सरकारने स्वतः गॅटपुढे ठेवला तेव्हा आपल्या पिकांना दिलेली सबसिडी उणे निघाली. म्हणजे दिले नाही, उलट काढून घेतले, हे सरकारने सही करून सांगितले. तो कापूस, ती ज्वारी ज्यांनी पिकवली ते आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्यासाठी भावाची लढाई संपली, ते ती हरले. त्यांना जे द्यायचे ते पेन्शन म्हणून नाही, थकबाकी म्हणून. जो आज पेरतो आहे त्याला भाव पाहिजे, जो पेरून थकला त्याला थकबाकी. दोन्हींतले एकच मिळत असेल तर मी भाव निवडीन, हे इथे लिहून ठेवतो. पण ती निवड त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मला सांगता येणार नाही.

जिल्हा बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या बायकोला, दोघांना वेगवेगळे, आजपासून ३,००० मिळावेत. २०३९ साठी सरकारने जो आकडा स्वतः कबूल केला तोच, पण आत्ता, आणि नोकरांच्या महागाई भत्त्याबरोबर वाढणारा. २१,००० चा दाखला रद्द. ज्याला सरकारी पेन्शन आहे किंवा जो आयकर भरतो तो वगळा, बाकी कोणाला काही विचारू नका. मानधन योजनेत कोरडवाहूला सहा हेक्टर. आणि बापाने जिवंतपणी जमीन सोपवली तर पीएम किसान आणि नमोचे हप्ते मुलाच्या नावाने चालू राहावेत. या शेवटच्या मागणीला सरकारला एक पैसा जास्त लागत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

बैठकीला येताना प्रत्येक गावच्या शाखेने एक यादी आणावी: साठीवरचे शेतकरी किती, बाया किती, नावावर जमीन किती आणि ओलीत की कोरडी, कोणाला कोणती पेन्शन मिळते, आणि किती जणांचे अर्ज दाखल्यावर अडले. नावे घालू नका, आकडे पुरे. ज्यांनी हक्कसोडपत्र करून दिले अशा बायांचा आकडा वेगळा लिहा. तो म्हातारा येणार आहे, मी त्याला निरोप धाडला आहे. त्याला पुढे बसवा.